जेलातला 'स्वभावाचा पेपर': नेहमी विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी २६ वर्षं मानसशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यापासून महिन्यातून दोनदा कारागृहात समुपदेशनाला जातो. मुलाखतीच्या रांगेत, बसस्टँडवर आणि कधी कधी तर तेरवीच्या पंगतीतही लोक मला जे विचारतात, ते इथे लिहून ठेवलं आहे. काही प्रश्न ज्या बोलीत आले त्याच बोलीत ठेवले. ते शुद्ध करायला गेलं की त्यातली काळजी निघून जाते.

"सर, पोट्ट्याले जेलात कायचा तरी पेपर देला म्हन्ते. नापास झाला त सुटनार नाई काय?"

यात पास-नापास नसतं. जामीन कोर्ट देतं, शिक्षाही कोर्टच देतं, आणि कैद्यांच्या वाटणीसाठी, म्हणजे कुणाला कुठल्या बराकीत ठेवायचं हे ठरवायला, घेतलेला असा पेपर जामिनाच्या अर्जाला जोडत नाहीत. मानसशास्त्रज्ञाचा अहवाल कोर्टापुढे जातो असे दोन प्रसंग आहेत. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

माझ्या पाहण्यात असा 'पेपर' बहुतेकदा एखादा विद्यार्थी प्रबंधासाठी घेऊन आलेला असतो. कधी डॉक्टर किंवा समुपदेशक झोप, भूक, घाबरेपणा तपासायला चार प्रश्न विचारतो, त्यालाही बंदी (म्हणजे कैदी) पेपरच म्हणतात. पुढच्या मुलाखतीत पोराला एवढंच विचारा की पेपर कुणी दिला आणि सही कशावर घेतली. एका माऊलीने पोराच्या पेपरासाठी नवस बोलला होता. तिला समजावता समजावता माझी शेवटची बस गेली.

व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणजे नेमकं काय?

शाळेच्या पेपरात बरोबर-चूक मास्तर ठरवतो. इथे वाक्य समोर येतं आणि ते आपल्या बाबतीत बरोबर की चूक हे आपण सांगायचं. सगळ्यांत गाजलेली चाचणी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात हॅथवे आणि मॅककिन्ली या दोघांनी तयार केली, १९४३ साली ती प्रसिद्ध झाली. तिला एमएमपीआय म्हणतात. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत ५६७ वाक्यं आहेत, सोडवायला तास-दीड तास लागतो. उत्तरांचे गुण वेगवेगळ्या पट्ट्यांवर मांडतात. ५० म्हणजे सरासरी, ६५ च्या वर गेलं की मानसशास्त्रज्ञ थांबून बघतो.

पण ही सरासरी कुणाची? मूळ चाचणीसाठी 'चारचौघांसारखी माणसं' म्हणून जी घेतली ती होती विद्यापीठाच्या दवाखान्यात पेशंटला भेटायला आलेली ७२४ माणसं. बहुतेक खेड्यापाड्यातली, आठवीपर्यंत शिकलेली. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण सेवाग्रामच्या दवाखान्याबाहेर डबा घेऊन बसलेली आपली माणसंही अशीच. फरक इतकाच की ती मिनेसोटाची होती. १९८९ साली २,६०० लोकांवर मोजपट्टी नव्याने बेतली, तीही अमेरिकेतच.

चाचणीत लबाडी पकडायचीही सोय असते. 'मी साधुसंत आहे' अशी उत्तरं देणारा एका पट्टीवर सापडतो, 'मला सगळेच आजार आहेत' म्हणणारा दुसऱ्या पट्टीवर. न वाचता खुणा करत सुटलेलाही कळतो.

कैद्यांची वाटणी करायला ती कुणी वापरली?

फ्लोरिडातल्या टॅलाहासी इथल्या तुरुंगात एडविन मेगार्जी या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात. तरुण पुरुष कैद्यांच्या एमएमपीआयच्या आलेखांवरून त्याने दहा गट पाडले. त्यांना नावं मुद्दाम कोरी दिली: एबल, बेकर, चार्ली, डेल्टा, ईझी, फॉक्सट्रॉट, जॉर्ज, हाऊ, आयटेम, ज्युपिटर. वायरलेसवर अक्षरं सांगताना वापरतात तसले शब्द. 'खुनशी', 'भेदरट' अशी नावं दिली तर पहारेकरी माणसाला त्याच नजरेने बघतील, ही त्यामागची काळजी.

काळजी रास्त होती, पण कोरं नाव कोरं राहत नाही. आपल्याकडे ४२० हा दंडसंहितेतला निव्वळ कलमाचा आकडा होता. त्याची शिवी झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ झालं, तरी पारावर कुणी कुणाला 'तीनशे अठरा' म्हणताना मी अजून ऐकलेलं नाही.

मेगार्जीच्या गटांपैकी सर्वांत मोठा गट आयटेम, म्हणजे ज्यांच्यात मानसिक बिघाड असा फारसा काही दिसत नाही असे लोक. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. तुरुंगातला मोठा गट साध्यासुध्या माणसांचा निघाला. दुसरं, दादागिरी करणारे आणि दादागिरी सोसणारे यांना वेगवेगळ्या बराकीत झोपवल्यावर त्या तुरुंगातली मारामारी कमी झाल्याची नोंद आहे. तिसरं मात्र उलट बाजूचं: काही महिन्यांनी त्याच कैद्यांची पुन्हा चाचणी घेतली तेव्हा पुष्कळांचा गट बदलला. स्वभाव म्हणून जे मोजलं ते कितीतरी वेळा त्या दिवसाचं मन होतं.

आपल्याकडे कैदी कशावरून वेगळे ठेवतात?

पाया घातला तो १८९४ च्या कारागृह अधिनियमाने. त्याच्या कलम २७ प्रमाणे बायका पुरुषांपासून वेगळ्या, २१ वर्षांखालची मुलं मोठ्यांपासून वेगळी, खटला चालू असलेले शिक्षा झालेल्यांपासून वेगळे, दिवाणी कैदी फौजदारी कैद्यांपासून वेगळे. सरकारी कागदावर न्यायाधीन बंदी आणि सिद्धदोष बंदी लिहितात, बराकीत कच्चा आणि पक्का म्हणतात. शिवाय पहिल्यांदाच आलेला की सराईत, गुन्हा कोणता, शिक्षा किती, जिवाला धोका आहे का, आजारी आहे का, हे बघतात. मोर्शीसारख्या खुल्या कारागृहात पाठवताना वागणूक आणि भोगलेली शिक्षा बघतात.

केंद्राने २०१६ साली आदर्श कारागृह नियमावली आणि २०२३ साली आदर्श अधिनियम तयार केला. २०२३ च्या मसुद्यात प्रत्येक बंद्याचं सुरक्षेच्या दृष्टीने मूल्यमापन आणि त्याच्या शिक्षेच्या काळाचं स्वतंत्र नियोजन आहे. कारागृह हा राज्यांचा विषय असल्यामुळे केंद्र नमुना देतं, घ्यायचा की नाही ते राज्य ठरवतं. स्वभावाच्या चाचण्यांची चर्चा वाढली आहे ती या मूल्यमापनाच्या कलमामुळे.

आता जमिनीवरचं. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ७५.८ टक्के न्यायाधीन. दर १०० जागांमागे १३१ माणसं. ज्या बराकीत कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागतं, तिथे दहा गट पाडून ठेवणार कुठे? चाचणीवर वाद घालणारे आम्ही प्राध्यापक हा प्रश्न सोयीस्करपणे शेवटी घेतो.

"भावाच्या कागदावर 'समाजविघातक व्यक्तिमत्त्व' लिहिलंय. म्हणजे तो आतूनच वाईट आहे का?"

नाही. हे निदान मुख्यतः मागच्या वागण्याच्या यादीवरून होतं: लहानपणापासून नियम मोडणं, फसवणं, मारामाऱ्या, बेफिकिरी. अशी यादी तुरुंगात मोजायला गेलं तर पुष्कळ जण तीत बसणारच. फाझेल आणि डॅनेश यांनी २००२ साली १२ देशांतल्या ६२ पाहण्या एकत्र केल्या, सुमारे २३ हजार कैद्यांच्या. त्यात पुरुष कैद्यांपैकी ४७ टक्के या व्याख्येत बसले. जे लेबल निम्म्या तुरुंगाला लागतं ते वाटणी करायला फारसं कामाचं नाही, एवढं तरी यावरून कळतं.

लोक याची 'सायकोपॅथ'शी गल्लत करतात. सायकोपॅथीसाठी कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांची २० मुद्द्यांची तपासणी वापरतात. ४० पैकी गुण देतात आणि अमेरिका-कॅनडात ३० ही रेघ मानतात. ती कैद्याने भरायची नसते. प्रशिक्षित माणूस लांब मुलाखत घेतो, सगळी फाईल वाचतो आणि मग गुण देतो. पंधरा मिनिटांत कुणी हा शब्द लिहिला असेल तर तो कागद कुणी लिहिला ते विचारा. लिहिणारा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ असायला हवा. माझ्यासारख्या मास्तरला तो अधिकार नाही.

इंग्रजीतली चाचणी मराठीत आणली की झालं ना?

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मी स्वतः या चिखलात पाय घातलेला आहे.

मराठी म्हणजे कुठली मराठी? आमच्या कारागृहात वऱ्हाडी बोलणारे आहेत, भंडाऱ्याकडचे झाडीबोलीवाले आहेत. गोरमाटी बोलणारे बंजारा, कोलामी बोलणारे कोलाम. मेळघाटातल्या कोरकूला आणि गडचिरोलीच्या माडियाला तर छापील मराठी परकीच. एकदा मी चाचणीच्या धर्तीवर स्वतःच दहा वाक्यं बनवली आणि एका बराकीत वाचून दाखवली. (खऱ्या चाचणीतली वाक्यं बाहेर सांगायची नसतात, म्हणून ही माझी.)

'माझ्यावर कुणीतरी पाळत ठेवतं.' पुस्तकाप्रमाणे 'हो' म्हणणाऱ्यात संशयीपणा शोधायचा. हो म्हणणारा पारधी बेड्यावरचा, म्हणजे पारध्यांच्या वस्तीतला होता. तालुक्यात कुठे चोरी झाली की त्याच्या झोपडीपुढे जीप उभी राहते. तो खरं बोलत होता.

'मला मेलेल्या माणसाचा आवाज येतो.' एका म्हाताऱ्याने हो म्हटलं. त्याच्या घरी नवरात्रात अंगात येतं आणि बाप बोलतो. गावात यात कुणाला वेडेपणा दिसत नाही. हा भ्रम आहे की रीत आहे हे वाक्यावरून कळत नाही. त्यासाठी माणसाजवळ बसून विचारावं लागतं.

'मला रात्री शांत झोप लागत नाही.' सगळ्यांनी हात वर केले आणि हसले. मे महिना होता, पारा ४५ च्या वर, डोक्यावरचा पंखा आवाज करत होता, वारा देत नव्हता.

'मी लवकर चिडतो.' नवीन आलेला एक पोरगा म्हणाला, "हो सर, चार दिसापासून लय चिडतो." चार दिवसांपूर्वी काय झालं? खर्रा सुटला होता. दिवसाला दहा पुड्या खाणाऱ्याचा तंबाखू एकदम बंद झाला की पहिला आठवडा तो चिडचिडा, अस्वस्थ, झोपमोड झालेला असणारच. त्याच आठवड्यात चाचणी घ्या आणि त्याला 'आक्रमक' गटात टाका, मग त्याला तिथली संगत लागेल आणि तुमचं भाकीत खरं ठरेल.

शिवाय ज्याला वाचता येत नाही त्याला कुणीतरी वाचून दाखवणार, तो बहुधा दुसरा बंदी किंवा शिपाई. त्याच्यासमोर 'मला रडू येतं' याला कोण हो म्हणेल? बुद्धिमत्तेसाठी निदान भाटिया यांनी १९५५ साली ठोकळे-चित्रांची भारतीय कसोटी बनवली, तिला अक्षरओळख लागत नाही. स्वभाव मात्र ठोकळ्यांनी मोजता येत नाही.

हा रडका सूर फक्त आपलाच आहे असं समजू नका. कॅनडात एका मूळनिवासी कैद्याने हाच मुद्दा लढवला आणि २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वभाव आणि धोका मोजायची साधनं मूळनिवासी कैद्यांबाबत खरी ठरतात का हे तुरुंग खात्याने तपासलंच नाही, म्हणून कायद्याने घातलेलं कर्तव्य त्याने मोडलं. हेअर यांची तपासणीही त्या साधनांत होती. चाचणी नामांकित असली म्हणून ती आपल्या माणसावर चालते असं गृहीत धरता येत नाही.

"आमच्या बेड्यावरच्या पोरांना आडनाव विचारूनच येगळं बसवते. त्याच्यापेक्षा हा पेपर बरा नाही का?"

हा प्रश्न मला एका पारधी कार्यकर्त्याने विचारला आणि मी पटकन उत्तर देऊ शकलो नाही.

१८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, ३१ ऑगस्टला त्या जमाती विमुक्त झाल्या. पण मग 'सराईत गुन्हेगार' या नावाने नवे कायदे आले आणि अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत जात व विमुक्त जमातीचा उल्लेख तसाच राहिला: झाडू कुणी मारायचा, स्वयंपाक कुणी करायचा, कुणाला 'स्वभावतः गुन्हेगार' मानायचं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला. त्यामुळे आडनावावरून वेगळं बसवणं आज सरळ बेकायदा आहे. असं घडत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी द्या. १५१०० हा त्यांच्या मोफत कायदेशीर मदतीचा नंबर आहे.

आता पेपरबद्दल. आडनावापेक्षा प्रामाणिक चाचणी बरी, हे मी मान्य करतो. पण परदेशात आता स्वभावापेक्षा धोक्याचा अंदाज करणारी साधनं जास्त चालतात आणि त्यात 'याआधी किती वेळा अटक' हा रकाना असतो. ज्याला संशयावरून दहा वेळा उचललं त्याचे गुण दहा वेळा वाढतात. आडनाव दाराबाहेर काढलं तरी अटकेच्या आकड्यात बसून ते खिडकीतून परत आत येतं. म्हणून मी त्या कार्यकर्त्याला सांगितलं की पेपर मागू नका. अटक आणि दोषसिद्धी वेगवेगळी मोजावी अशी मागणी करा.

कोण मारामारी करणार हे चाचणीवरून ओळखता येतं का?

हिशेब करून बघू. समजा ५०० बंदी आहेत आणि त्यांतले १० जण वर्षभरात कुणाला तरी गंभीर इजा करणार आहेत. चाचणी चांगली आहे समजा: १० पैकी ८ ओळखते आणि उरलेल्या ४९० पैकी पाचातल्या एकालाच चुकून धोकादायक म्हणते. म्हणजे ९८ जण. एकूण १०६ माणसांच्या नावापुढे लाल खूण, त्यात खरे ८. बाकीच्या ९८ जणांनी कुणाला हात लावला नसता, पण आता त्यांना कोठडीत ठेवणार, काम देणार नाही, खुल्या कारागृहाचा विचारही करणार नाही. चाचणी चांगली असूनही हे असंच होतं, कारण जी गोष्ट मुळात कमी घडते तिचा अंदाज चुकतोच.

स्वभाव आणि प्रत्यक्ष वागणं यांचा मेळ फारसा बसत नाही, हे वॉल्टर मिशेल यांनी १९६८ सालीच दाखवलं. सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने चालतात याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.३० च्या पुढे क्वचितच जातो. कमी वय आणि आत आल्यावरची आधीची भांडणं या दोन साध्या गोष्टी पुष्कळदा जास्त सांगून जातात. हर्बर्ट क्वे यांनी तर कैद्याला विचारायचंच सोडलं. त्यांच्या पद्धतीत कर्मचारी काही दिवस माणसाकडे बघतात आणि नोंद करतात. आमच्या इथला एक जुना हवालदार नवा बंदी जेवायला कसा बसतो ते बघून सांगायचा, "याले त्या कोपऱ्यात नका ठेवू." त्याचा अंदाज किती वेळा बरोबर आला हे कुणी मोजलं नाही, म्हणून त्याचाही मी पुरावा म्हणून उपयोग करत नाही.

पेपर द्यायला नकार देता येतो का?

संशोधनाचा असेल तर बिनधास्त. संमतीशिवाय तो घेताच येत नाही आणि नकाराची शिक्षाही देता येत नाही.

नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग सक्तीने करता येत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात ५ मे २०१० ला दिला. तो कागदी चाचण्यांबद्दल नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण माणसाच्या मनात काय आहे ते त्याच्या मर्जीविरुद्ध काढून त्याच्याविरुद्ध वापरायचं नाही, हा त्यामागचा विचार मला इथेही लागू वाटतो. विशेषतः कच्च्या कैद्याने गुन्ह्याबद्दलच्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर वकिलाला विचारल्याशिवाय देऊ नये. उपचारासाठी तपासणी असेल तर मात्र नकार देऊ नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे ती माहिती गोपनीय राहते आणि आपले उपचाराचे कागद मागायचा हक्कही रुग्णाला आहे.

पोरगा १७ वर्षांचा आहे. त्याचीही मानसिक चाचणी करणार म्हणतात.

सुरुवातीला म्हटलेल्या दोन प्रसंगांतला हा पहिला, जिथे अहवाल खरोखर महत्त्वाचा असतो. १६ ते १८ वयाच्या मुलावर किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या घोर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम १५ प्रमाणे बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं. गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, कोणत्या परिस्थितीत घडलं, हे बघतात आणि त्यासाठी मानसशास्त्रज्ञाची मदत घेतात. यावरून खटला मोठ्यांसारखा चालेल की नाही ते ठरू शकतं. हे हलक्यात घेऊ नका, वकील त्याच दिवसापासून हवा. मुलाला तुरुंगात ठेवता येत नाही, निरीक्षणगृहात किंवा कायद्याने ठरवलेल्या सुरक्षित जागीच ठेवावं लागतं. शाळेचा दाखला सोबत ठेवा. वयाचा वाद निघाला तर पहिला पुरावा तोच.

दुसरा प्रसंग फाशीचा. २०२२ साली मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फाशीची शक्यता असेल तर आरोपीचं मानसिक मूल्यमापन आणि तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल कोर्टापुढे यायलाच हवा. नागपूरच्या फाशी यार्डातल्या माणसासाठी असा कागद जीव वाचवणारा ठरू शकतो.

बायकांच्या बराकीतही हेच गट लागू होतात का?

मेगार्जीचे मूळ गट तरुण पुरुषांवरून पाडलेले. बायकांचं दुःख वेगळं, त्यांना भेटायला येणारं माणूसही कमी. मी तिथे जात नाही, सहकारी बाई जातात. त्या म्हणतात, पहिला प्रश्न लेकरू कुणाकडे आहे हा विचारावा, मग बाकीचं.

मोबाईलवर चार मिनिटांत स्वभाव सांगणारी चाचणी किंवा अक्षरावरून स्वभाव, हे चालेल का?

१९४८ साली बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना चाचणी दिली आणि प्रत्येकाला 'तुझ्या स्वभावाचं वर्णन' म्हणून कागद दिला. मुलांनी अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांना एकच कागद दिला होता, त्यातली वाक्यं बरीचशी ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. मी कॉलेजात हा प्रयोग दरवर्षी करायचो, रविवारच्या राशिभविष्यातल्या ओळी वापरून. दरवर्षी यशस्वी व्हायचा. अक्षरावरून स्वभाव सांगणंही याच पंगतीतलं.

मला प्रबंधासाठी कारागृहात चाचणी घ्यायची आहे.

परवानगीला वेळ लागतो, तो धरूनच विषय घ्या. चाचणीची बेकायदा झेरॉक्स वापरू नका. बोलीत भाषांतर करा, दुसऱ्याकडून ते उलट मूळ भाषेत करून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. मग तुम्हाला कळेल की 'उदास' या शब्दाला अर्धी बराक 'आळशी' समजते. भरलेले कागद रात्रभर तुरुंगाच्या ऑफिसात ठेवू नका. आणि 'यामुळे तुमचं चांगलं होईल' असं चुकूनही बोलू नका. एका विद्यापीठाचा मुलगा असं बोलून गेला आणि पुढचे सहा महिने लोक मला विचारत होते की आमचा निकाल कधी लागणार.

मग या चाचण्यांचा काहीच उपयोग नाही का?

आहे, आणि तो मोठा आहे, फक्त जाहिरातीत सांगतात तो नाही. फाझेल-डॅनेश यांच्याच आकड्यांत दहापैकी एक पुरुष कैदी तीव्र नैराश्यात सापडला, ३.७ टक्के मनोविकृतीने (भास-भ्रम होणाऱ्या आजाराने) ग्रस्त. हे लोक भांडत नाहीत, कोपऱ्यात पडून असतात, म्हणून कुणाच्या नजरेत येत नाहीत. आल्या आल्या विचारलेले साधे दहा प्रश्न त्यांना शोधून काढू शकतात.

दोन वर्षांपूर्वी एक शेतमजूर आला होता, विशीतला. चौकशीच्या फॉर्मवर झोप, जेवण, जगण्याची इच्छा असे काही प्रश्न होते. त्याने शेवटच्या प्रश्नाला काहीच उत्तर दिलं नाही, तेवढी जागा रिकामी ठेवली. डॉक्टरांनी ती रिकामी जागा बघितली. त्याच संध्याकाळी त्याला गाववाल्या बंद्याशेजारी झोपवलं, गोळ्या सुरू झाल्या, आठवड्याने नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखवलं. त्याला कुठल्या गटात टाकलं हे मला आजही माहीत नाही, कुणी टाकलंच नसावं. तो आता जामिनावर आहे आणि हंगामात कापूस वेचायला जातो.

मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०३ प्रमाणे राज्यातल्या किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असायला हवं. पाठपुरावा करायचाच तर मी दहा गटांच्या वर्गीकरणापेक्षा या कलमाचा करेन. घरच्यांनाही झोप लागत नसेल तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानस म्हणतात, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

"पेपर आधीच भेटला त पोराकडून सराव करून घेतो. कुठं भेटंल?"

भेटणार नाही, आणि भेटला तरी घेऊ नका. पाठ करून दिलेली उत्तरं वर सांगितलेल्या लबाडी पकडणाऱ्या पट्ट्यांवर पुष्कळदा दिसतात आणि मग सगळाच कागद बाद होतो. त्यापेक्षा त्याचे जामिनाचे कागद बघा. पहिल्यांदाच आरोपी असेल आणि त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे त्याला सोडण्याचा विचार करावा लागतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना किंवा इतर खटले चालू असतील तर ते लागू नाही.

आणि त्याला चष्मा असेल तर ऑफिसात अर्ज देऊन तो आत पोचवा. गेल्या वर्षी एका पन्नाशीच्या माणसाने सगळ्या वाक्यांपुढे 'बरोबर' अशी खूण केली होती. अटकेच्या झटापटीत त्याचा चष्मा फुटला होता आणि दिसत नाही म्हणून सांगायची त्याला लाज वाटली. त्याच्या कागदावर 'असहकार' असा शेरा होता. तो खोडून घ्यायला आम्हाला चार महिने लागले. चष्म्याला लागले २५० रुपये.